कूलर बंद केला, पण टाकी रिकामी केली का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन-तीन चांगले पाऊस झाले की नागपुरातले कूलर एकेक करून बंद होतात. बंद होते ते फक्त बटण. कूलर खिडकीबाहेरच्या स्टँडवर तसाच उभा राहतो. टाकीत तीन-चार बोटे पाणी, भिजक्या ताट्या (कूलरच्या बाजूंचे खस किंवा भुशाचे पडदे) आणि वरून पावसाची भर. कित्येक घरांत तो दिवाळीच्या साफसफाईपर्यंत जागचा हलत नाही. पुढे डेंग्यूचे रुग्ण वाढले की वस्तीतून पहिली मागणी येते ती धूरफवारणीची. आमच्यापैकी काही जण कूलर दुरुस्त करतात, काही घरोघरी डासअळ्या तपासतात. दोन्ही कामांत शेवटी डोकावावे लागते ते त्याच टाकीत. पावसाळा नुकताच लागला आहे, अजून वेळ गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

डेंग्यूचा एडिस डास गटारात नव्हे, घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्याची मादी अंडी कुठे घालते, याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला ती अंडी चिकटवते. अंडी काळी आणि खसखशीएवढी बारीक असल्याने सहज दिसत नाहीत. पाणी आटले तरी ती मरत नाहीत. कोरड्या टाकीत काही महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा त्या रेषेपर्यंत चढले की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ पाळायला, म्हणजे साठलेले पाणी ओतून भांडी-टाक्या कोरड्या करायला सांगतात, त्याचे कारण हेच.

आता आपली उन्हाळ्यातली पद्धत पाहा. दिवसभर कूलर चालतो, पाण्याची रेषा खाली जाते. संध्याकाळी नळी लावून टाकी भरली की रेषा वर येते. रोज नवे पाणी टाकतो म्हणजे पाणी ताजेच, असा समज होतो. पण टाकी पूर्ण रिकामी एकदाही होत नाही आणि भिंतीवरची अंडी रोज भिजत राहतात. त्यात बाष्पीभवनामुळे टाकीतले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरेच थंड असते. नवतपात पारा ४५ अंशांवर गेलेला असतो, अंगणातली डबकी सुकलेली असतात, तेव्हाही डासाला सावली, गारवा आणि पाणी एकाच ठिकाणी देणारी जागा आपण घरोघरी चालवत असतो.

त्यामुळे नुसते पाणी उपसून भागत नाही. भिंत घासली नाही तर काम अर्धेच राहते, कारण अंडी तिथेच असतात. आधी प्लग काढावा, मग ताट्या उतरवाव्यात. तळाचे बूच उघडून पाणी काढावे. बूच नसेल तर मगने उपसावे आणि राहिलेले पाणी फडक्याने टिपून घ्यावे. हे पाणी नालीत ओतू नये, तुंबलेल्या नालीत अळ्या जगू शकतात. उन्हातल्या कोरड्या मातीवर पसरले की अळ्या मरतात. मग धुण्याची पावडर घेऊन काथ्याने किंवा कडक ब्रशने चारही भिंती वरच्या काठापर्यंत घासाव्यात. कोपरे, पंपाखालची जागा आणि ताट्यांवर पाणी सोडणारी वरची पन्हळ विसरू नये. धुतलेले पाणीही मातीवरच टाकावे. दोन तास ऊन लागू द्यावे. एकदा सवय झाली की घासण्याचे काम अर्ध्या तासात होते.

बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत भिंतीवर क्षारांचा पांढरा खडबडीत थर बसतो आणि तो ब्रशने निघत नाही. प्लास्टिकची टाकी असेल तर ५ लीटर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून तासभर भिजू द्यावे, थर सुटतो. पत्र्याच्या टाकीला हा उपाय करू नये. आम्लाने पत्र्यावरचा जस्ताचा थर जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात टाकी गंजून गळते. तिथे घासण्यावाचून पर्याय नाही.

टाकीत कडुनिंबाची पाने टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. मूठभर पानांनी अळ्या मरत नाहीत. उलट पाने कुजली की त्यावर सूक्ष्मजीव वाढतात आणि अळ्यांना खाद्य मिळते. कापराच्या वड्यांवरही भिस्त ठेवू नये. चमचाभर रॉकेल टाकणे साठलेल्या डबक्यात चालते, पण चालू कूलरमध्ये पंप ते ताट्यांवर चढवतो आणि वाफ घरात येते. गप्पी मासे विहिरीत, हौदात, कारंज्यात सोडावेत, तिथे ते उत्तम काम करतात. निंबाचा धूर तेवढ्यापुरते डास पळवतो, पण एडिस चावतो दिवसा, आणि बंद खोलीतला धूर दमेकऱ्याला बाधतो. त्यापेक्षा दिवसा झोपणाऱ्या बाळाला मच्छरदाणी आणि शाळकरी मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे हा साधा उपाय अधिक भरवशाचा आहे.

धूरफवारणीने त्या वेळी उडत असलेले डास मरतात, अंडी आणि अळ्या नाहीत. गल्लीतून गाडी गेली तरी खिडकीच्या आतले, पडद्यामागे बसलेले डास सुरक्षित राहतात. फवारणी नकोच असे नाही. रुग्ण सापडलेल्या भागात ती हवीच. पण टाकी भरलेली ठेवून फवारणी मागण्यात अर्थ नाही, आठवड्यात नवे डास तयार होतात.

कूलरचा दुसरा धोका विजेचा, आणि तो तितकाच गंभीर आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसे, लहान मुले दगावतात. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि हातात स्टीलची बादली, असा हा प्रसंग घडतो. महिनोन्‌महिने कोरडा पडलेला पंप एकदम पाण्यात बुडतो, वायरचे वेष्टन तडकलेले किंवा उंदराने कुरतडलेले असते आणि प्रवाह पाण्यात उतरतो. वायर धरून पंप उचलण्याची सवयही वाईट. वायर जिथे पंपात शिरते तिथली सील सैल होते आणि पाणी आत जाते.

पाणी भरताना नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर बसवलेले असते आणि बटण बंद असूनही फेज कूलरपर्यंत पोचलेला असतो. प्लग उपसूनच पाणी भरावे. प्लग तीन पिनांचाच हवा आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला खरोखर अर्थिंग जोडलेले आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. उन्हाळ्यात जमीन सुकते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. एक्स्टेन्शन बोर्ड फरशीवर ठेवू नये.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असे अनेक जण निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी म्हणजे जादा प्रवाह झाला की आपोआप खाली पडणारा खटका, तो वायरिंगला जपतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला खाली पडायला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही माणूस मरू शकतो. माणसाला वाचवणारे साधन वेगळे, ते म्हणजे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी. विजेची गळती होताच ते क्षणात वीज तोडते. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. कोणाला शॉक लागलाच तर हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा आणि १०८ ला फोन करावा.

पाऊस लागला की हवेत आधीच ओल असते. अशा हवेत पंप चालू ठेवून गारवा मिळत नाही, खोलीतला दमटपणा तेवढा वाढतो आणि भिंतींना बुरशी येते. तेव्हा कूलर याच आठवड्यात उतरवावा. लाकडी भुशाच्या ताट्या फेकून द्याव्यात, त्या एकाच हंगामाच्या असतात. खसच्या ताट्या स्वच्छ पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात आणि जुन्या चादरीत गुंडाळून ठेवाव्यात. अर्धवट वाळलेल्या खसला आंबूस वास येतो आणि पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी शिंका सुरू होतात. पंप काढून, पुसून, कोरड्या जागी ठेवावा. जड कूलर खिडकीतून हलत नसेल तर टाकीचे बूच काढूनच ठेवावे आणि बुचाच्या बाजूला थोडा उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आपोआप वाहून जाईल. बूच नसेल तर कारागिराकडून तळाला बसवून घ्यावे. वर ताडपत्री घालणार असाल तर ती ताणून बांधावी. सैल ताडपत्रीच्या खळग्यात पाणी साचते आणि तिथेच अळ्या होतात.

कूलर उतरवल्यावर फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर आणि पक्ष्यांसाठी उन्हाळ्यात टांगलेली मातीची भांडी एकदा पाहून घ्यावीत. पक्ष्यांचे पाणी जरूर ठेवा, पण भांडे घासून रोज बदला.

घरात ताप आलाच तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी तापाची गोळी स्वतःहून देऊ नये. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताक, नारळपाणी, वरणाचे पाणी, ओआरएस देत राहावे. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून तपासणी लांबवू नये. सर्वांत फसवी वेळ ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांची असते. पोटात जोरात दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे किंवा मूल सुस्त होणे, यांतले एकही दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मिरवणुकीतल्या मारबतीच्या पुतळ्याला ‘रोगराई घेऊन जा’ म्हणतो. डेंग्यूच्या चढतीचे दिवसही तेच. त्याआधी महानगरपालिकेने शाळा, वसतिगृहे, सरकारी कार्यालये आणि कुलूपबंद सदनिकांतले कूलर तपासून घ्यावेत. घरात कोणी राहत नाही, म्हणून तिथली टाकी ऑक्टोबरपर्यंत कोणी पाहत नाही. गृहनिर्माण संस्थांनीही तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्यांना फाटकावरून परत पाठवू नये. आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. ऑक्टोबर संपेपर्यंत दर रविवारी पहिल्या पानावर ‘आज कोरडा दिवस’ एवढी छोटी चौकट छापावी आणि त्या खाली टाकी घासण्याची पद्धत दोन ओळींत द्यावी.

आपले,
कूलर दुरुस्ती आणि डासअळी तपासणीच्या कामातील काही नागरिक, नागपूर