कात्री आवर बे!

जुळे सोलापूर

प्रिय शिऱ्या,

फोटो पोचला. यॉर्कशायरच्या कुंपणातल्या रानगुलाबावर तो लालसर केसाळ गोळा बघून वहिनी कात्री शोधायला लागल्या म्हणतोस. आधी त्यांना थांबव बे! रोग नाही तो. डिप्लोलेपिस रोझी नावाच्या गांधीलमाशीचं बाळंतघर आहे. माशी जेमतेम ४ मिलिमीटरची, माणसाला डसत नाही.

वसंतात मादी कोवळ्या कोंबात अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं सगळं गुलाबच करतो. प्रत्येक अळीला वेगळी खोली, खोलीला आतून पौष्टिक पेशींचा थर आणि बाहेर ते लाल केस. अळी भिंत खात खातच वाढते. जागा झाडाची, खर्च झाडाचा, नकाशा मात्र माशीचा! मला तर हे अचाट वाटतं.

नर यांच्यात क्वचितच. वोल्बाकिया नावाचे जिवाणू मादीच्या अंगात असतात, त्यांच्यामुळे नराशिवायही मुलीच जन्मतात. पण एवढं करून घर निर्धोक नाहीच. पेरिक्लिस्टस नावाची दुसरी माशी फुकट राहायला येते, आणि ऑर्थोपेल्मा नावाच्या तिसऱ्या माशीची अळी तर मूळ मालकिणीलाच खाऊन टाकते.

आमच्याकडे रानगुलाब कुठला! रस्त्याकडेच्या करंजाच्या पानांवर गाठी दिसतात, पण त्या माशीच्या नव्हेत, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट्सच्या. तरी आपण दोघांनीही माशीची गाठ चाटलेली आहे, बरं का. बाळगुटीतलं मायफळ! पुतणीसाठी आई परवा सहाणेवर उगाळत होती. ते फळ नव्हेच. तुर्कस्तान-इराणकडच्या ओकवर अशाच एका गांधीलमाशीने करवून घेतलेली गाठ. टॅनिन ठासून भरलेलं, म्हणून इतकं तुरट. त्यातच हिराकस घालून युरोपात शतकानुशतके शाई करायचे.

हिवाळ्यात तुझा गोळा तपकिरी होईल. मेला समजू नकोस, अळ्या आत असतात. फेब्रुवारीत फांदीसकट एक काढ, बरणीत घाल, तोंडाला मलमल बांध आणि बरणी बाहेर थंडीतच राहू दे. हीटरपाशी ठेवलीस तर माश्या अवेळी निघतील. मग उन्हाळ्यापर्यंत कोण कोण बाहेर पडतं ते कळव. मालकिणीपेक्षा घुसखोरच जास्त निघाले तरी मला नवल वाटणार नाही.

गड्ड्याच्या जत्रेला येणार असशील तर फोटोच आण, गोळा नको, विमानतळावर अडवतील. आणि बॅगेत जागा ठेवून ये. आईने शेंगाचटणी आत्तापासूनच तुझ्या नावाने धरली आहे.

तुझाच,
बंडू