खानावळीच्या जागेबद्दल

प्रिय दादा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, मालकाची मुलं वाडा पाडून रिडेव्हलपमेंटचं बोलतायत पण आपली खानावळ रोज फुल्ल असते मग कशाला घाबरायचं, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय म्हणून सविस्तर लिहितेय.

तुला आणि वहिनीला मी इथे लंडनमध्ये स्ट्रँड रोडवरच्या इंडिया क्लब नावाच्या हॉटेलात जेवायला नेलं होतं आठवतंय का? तो अरुंद जिना, सनमायकाची टेबलं, भिंतीवर दादाभाई नौरोजींचा फोटो, आणि वहिनी डोसा खाता खाता म्हणाली होती की हे तर आपल्याकडच्या स्टँडजवळच्या हॉटेलासारखंच आहे. ते 17 सप्टेंबर 2023 ला कायमचं बंद झालं. आणि गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नाही हं, शेवटच्या दिवसांत तर लोक रांगा लावून उभे होते. 1951 पासूनचा क्लब, ब्रिटनमध्ये भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या इंडिया लीगच्या लोकांनी सुरू केलेला, भारताचे ब्रिटनमधले पहिले हाय कमिशनर कृष्ण मेनन यांचा त्यात पुढाकार. पण बिल्डिंग क्लबची नव्हती. जागामालकाला तिथे नवं मॉडर्न हॉटेल करायचं होतं. आधी एकदा हाच प्लॅन आला तेव्हा 26 हजारांच्या वर लोकांनी सह्या केल्या आणि 2018 मध्ये वेस्टमिन्स्टर कौन्सिलने (तिथली महापालिका) परवानगी नाकारली, सगळ्यांना वाटलं वाचलं एकदाचं. पाच वर्षांनी नोटीस आलीच. इथे इंग्लंडमध्ये धंद्याच्या भाडेकरूला लीज रिन्यू करून मागायचा हक्क 1954 च्या कायद्याने आहे, पण मालकाला खरंच पाडून नवीन बांधायचं असेल तर तो नाही म्हणू शकतो, आणि मग तुमची चव नि तुमचं नाव कुणी विचारत नाही. मला फार वाईट वाटलं दादा, अजूनही वाटतं, लंडनमध्ये नव्याने आलेल्या किती जणांना तिथे घरच्यासारखं जेवण मिळालं असेल.

आणि हे काय फक्त लंडनमध्येच होतं असं नाही. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे बघ, 1964 पासून चालू, 2015 ला बंद, तिथेही भांडण जागेचंच.

आपल्या भाड्याच्या पावत्या अजून आजोबांच्या नावावर आहेत. बाबांच्या नावावर करायचं कितीदा बोलून झालंय. कृपा करून या महिन्यातच वकिलाकडे जा, सगळ्या जुन्या पावत्या, लाइटबिलं, लायसन्स एका फाइलला लाव आणि स्कॅन करून मलापण पाठव. आणि मालकाची मुलं नवीन बिल्डिंगमध्ये गाळा देतो म्हणाली तर किती स्क्वेअर फूट, तळमजल्यावर की वर, बांधकाम होईपर्यंत आपण चूल कुठे मांडायची नि त्या काळातलं भाडं कोण देणार हे सगळं लेखी घे, तोंडी काहीच नको, कितीही घरोबा असला तरी. बाबांना राग येईल पण त्यांच्याशी मी बोलते. वकिलाच्या फीचे पैसे मी पाठवते, त्यावरून वाद घालू नकोस.

आईबाबांना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझी,
धाकटी