१,१०० पीपीएमची अट कुठे गेली?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पहिल्या पानावर ‘२१०० पर्यंत हवेत कार्बन डायऑक्साइड १,१०० पीपीएम, मराठवाडा होरपळणार’ अशी बातमी आहे (पीपीएम म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत इतके भाग). ती दोनदा वाचली. हा आकडा कोणत्या परिस्थितीत खरा ठरेल, याबद्दल त्यात एक ओळही नाही.

आकडा खोटा नाही, आणि राग त्याचाच जास्त आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय समितीच्या ऑगस्ट २०२१ च्या अहवालात पाच वाटा मांडल्या आहेत, म्हणजे पुढे उत्सर्जन कसं वाढेल किंवा घटेल याच्या पाच शक्यता. १,१०० च्या वरचा आकडा त्यातल्या सगळ्यात वरच्या वाटेचा. जगाने कोळसा आणि तेल जाळणं वाढवतच नेलं, २०५० पर्यंत वर्षाचं उत्सर्जन जवळपास दुप्पट झालं, तर तिथे पोचू. शतकाच्या मध्यापर्यंत उत्सर्जन साधारण आजच्याइतकंच राहिलं आणि मग उतरत गेलं, तर २१०० मध्ये प्रमाण ६०० च्या आसपास असेल. त्याहून नेटाने कपात करून शतकाच्या उत्तरार्धात उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणलं, म्हणजे जेवढं सोडू तेवढं हवेतून काढूनही घेतलं, तर ४५० च्या आत. पाचपैकी कोणती वाट खरी होणार, हे अहवाल सांगत नाही. सगळ्यात वरच्या वाटेची शक्यता अलीकडे कमी मानली जाते, पण ती पूर्ण नाकारता येत नाही, असं मात्र तो नोंदवतो. आपण पाचातला एक आकडा उचलला आणि त्याची अट गाळून छापला.

शेजारच्या चौकटीत तर सरळ चूक आहे. ‘उत्सर्जन आहे तिथेच रोखलं तर वायूंचं प्रमाणही स्थिर राहील’ हे कोणी लिहिलं? दरवर्षी तेवढीच उचल घेत राहिलं आणि फेड निम्मीच होत राहिली, तर डोक्यावरची बाकी वाढतच जाते. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण निम्मा समुद्र आणि झाडं-माती शोषून घेतात, बाकीचा हवेत साठतो. १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत मोजणी सुरू झाली तेव्हा प्रमाण सुमारे ३१५ होतं, २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे गेली. शिवाय हा शोषणाचा वाटाही कायम राहत नाही. सगळ्यात खालच्या वाटेवर या शतकाअखेरपर्यंत सुमारे ७० टक्के शोषला जाईल, सगळ्यात वरच्या वाटेवर फक्त ३८ टक्के. जितकं जास्त सोडू, तितका निसर्गाचा हातभार कमी. ही खरी बातमी होती. ती आपल्या वार्ताहराला दिसली नाही.

एवढं चिडून लिहायला कारण आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी एका संस्थेने शेतकऱ्यांसाठी हवामानाची कार्यशाळा घेतली. माझा पुतण्या गेला होता. त्याची दोन एकर मोसंबी, शेततळ्याला मंजुरी आलेली, तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचे पैसेही जमवलेले. परत आला तो बोलेचना. मोबाइलवर पडद्याचा फोटो दाखवला. त्यात एकच लाल रेघ, वर वर चढत गेलेली. मी फोटो मोठा करून पाहिला तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘एसएसपी ५-८.५’, म्हणजे अहवालातल्या सगळ्यात वरच्या वाटेचं नाव. बाकीच्या चार रेघा काढून टाकलेल्या. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. आलेख कशाच्या आधारावर काढलाय ते आधी वाचा, हे सातवीच्या पोरांनाही सांगत आलो. पुतण्याला पाचही वाटा कागदावर काढून दाखवल्या. तो म्हणाला, “काका, एवढे मोठे साहेब सांगून गेले. जिथं शेतीच राहणार नाही तिथं तळं खोदून काय करू?” शेततळं झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बाग वाळली, ती त्याने जेसीबी लावून काढली. आता तो चाकणला कंपनीत आहे. काल त्याने आपल्याच बातमीचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, “बघा काका, मी म्हणत होतो ना.”

धोका लहान आहे असं मी म्हणत नाही. मधल्या, म्हणजे ६०० च्या वाटेवरही शतकाअखेर जगाचं सरासरी तापमान औद्योगिकीकरणापूर्वीपेक्षा २.७ अंशांनी वाढेल, असा अंदाज आहे. मोसंबीला आणि उन्हात राबणाऱ्या माणसाला तेवढं पुष्कळ झालं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या २०१६ साली प्रमाण ४०० च्या थोडंसंच वर होतं. पण ६०० आणि १,१०० यांच्यामध्ये जे अंतर आहे ते माणसांच्या निर्णयांचं आहे, आणि ते निर्णय अजून व्हायचे आहेत. वाचकाला हे कळलं तर तो तळं खोदेल, सरकारला जाबही विचारेल. ‘होरपळणार’ एवढंच वाचून तो गाव सोडेल.

तेव्हा विनंती अशी की पाचही वाटांचे आकडे त्यांच्या अटींसह छापावेत, आणि ते पहिल्याच पानावर. आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती नको.

जाता जाता आणखी एक. २१०० चा आकडा आपण एवढ्या मोठ्या टायपात छापता, पण परवाच्या पावसाचा आमच्या महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या आमच्या काही गावांच्या गटाचा, आकडा आपल्या अंकात नसतो. तालुक्याची सरासरी छापून आपण मोकळे होता. अतिवृष्टीची नोंद महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर होते आणि ६५ मिलिमीटरची रेघ तिथेच बघितली जाते. तालुक्याच्या सरासरीत आमचं बुडालेलं सोयाबीन दिसत नाही. पूर्वी जिल्हा पानावर मंडळनिहाय तक्ता यायचा. तो बंद का केला, हे निदान कळवावे.

आपला नियमित वाचक,
एक सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक, जि. जालना