मशीन घेण्याआधी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

एस्प्रेसो मशीनचा फोटो पाठवून "घेऊ का?" विचारलंस. घेऊ नकोस, निदान आत्ता तरी. फ्रेंच प्रेसमधली (ते जाळीच्या दट्ट्याचं भांडं) कॉफी "कडवटही लागते आणि पांचटही" असं तू त्याच्याखाली सहज लिहून गेलास, पण दुखणं नेमकं तिथेच आहे. दोन्ही तक्रारी एकाच कपात आल्या की मी आधी दळणावर संशय घेते. आणि दळण वाईट असेल तर मशीन काही ते झाकत नाही, उलट चव्हाट्यावर आणतं.

भाजलेल्या कॉफीच्या वजनातला जेमतेम ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, आणि तोही सगळा आपल्याला नको असतो. १९५० च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने हिशोब मांडला की पुडीच्या वजनातला १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की कप जमतो. त्यावर वाद घालणारे आहेत, तरी घरच्या कामाला तो पुरतो. आंबटपणा पटकन उतरतो, गोडवा त्याच्या मागून येतो आणि कडू-तुरट सगळ्यात शेवटी. कमी उतरली तर कॉफी आंबट आणि पातळ लागते, जास्त उतरली तर जिभेवर तुरट पापुद्रा बसतो.

आता तुझा ब्लेडचा ग्राइंडर बघ. तो बिया दळत नाही, फोडतो. थोडी पूड चिमटीत घेऊन पांढऱ्या कागदावर पसर. त्यात पिठासारखी भुकटी दिसेल आणि पाव बीएवढे तुकडेही दिसतील. खडीसाखर आणि पिठीसाखर एकदम पाण्यात टाकून दोन्ही सारख्याच वेळात विरघळतील अशी आशा करण्यातला हा प्रकार. भुकटीतलं कडू केव्हाच उतरलेलं असतं आणि तुकडे आतून अजून कोरडेच असतात. म्हणून पैसे घालायचेच असतील तर बर्र ग्राइंडरमध्ये घाल. त्यात दोन दातेरी भाग असतात, त्यांच्यामधली फट एकेका खुणेने कमी-जास्त करता येते, आणि त्या फटीतून जाईल तेवढाच बारीक कण बाहेर पडतो. हाताने फिरवायचा घे. तेवढ्याच पैशात विजेचा एवढा चांगला मिळत नाही, आणि सकाळी दंडाला दोन मिनिटं काम मिळालं तर तुझं काही बिघडत नाही.

सोबत एक डिजिटल काटा घे. चमच्याचं माप कॉफीत फसवतं, कारण गडद भाजलेली बी फुगते आणि हलकी होते. तोच चमचा, तीच रास, पण वजन वेगळं. लिटरला ६० ग्रॅम, म्हणजे २५० मिली पाण्याला १५ ग्रॅम, इथून सुरुवात कर आणि काही दिवस हे प्रमाण हलवूच नकोस. कॉफी आंबट लागली तर दळण एक खूण बारीक कर, कडू लागली तर एक खूण भरड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तू दळण, पाणी आणि वेळ तिन्ही एकाच सकाळी बदलशील आणि मग कशाने काय झालं ते कळणार नाही, हे मी आत्ताच लिहून ठेवते.

फ्रेंच प्रेस टाकून देऊ नकोस. माझ्या मते शिकायला तेच सगळ्यात चांगलं भांडं, कारण त्यात हातसफाई लागत नाही. ३० ग्रॅम भरड पूड घाल, नुकतं उकळलेलं अर्धा लिटर पाणी ओत आणि चार मिनिटं हात लावू नकोस. वर चोथ्याची जाड साय धरते. ती चमच्याने हलकेच ढवळली की बराचसा चोथा खाली बसतो. वर राहिलेला फेस आणि तरंगणारे कण दोन चमच्यांनी काढून टाक. मग अजून चार-पाच मिनिटं थांब. एवढा वेळ ठेवली तर कडू होईल असं तुला वाटेल, पण पाणी निवत जातं आणि चोथा तळाशी गेलेला असतो, त्यामुळे उतरण्याचा वेग मंदावतो. दट्ट्या तळापर्यंत दाबू नकोस. कॉफीच्या पृष्ठभागापर्यंतच आण आणि गाळणीसारखा वापर. खालपर्यंत दाबलास की बसलेला गाळ पुन्हा उठतो आणि शेवटचा घोट चिखलाचा होतो.

गाळ मुळीच नको असेल तर पेपर फिल्टर आहेच. तो एका आईने काढला, म्हणून मला त्याचं जरा जास्तच कौतुक! जर्मनीत ड्रेस्डेनला राहणाऱ्या मेलिटा बेन्ट्झने पितळी भांड्याच्या बुडाला भोकं पाडली, त्यात मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद बसवला आणि १९०८ साली त्याचं पेटंट घेतलं. आजचे कागदी पोअर ओव्हर, म्हणजे वरून पाणी ओतून गाळायचे प्रकार, त्याच वंशातले. कागद आधी गरम पाण्याने धुऊन घे, नाहीतर कॉफीला कागदाचा वास येतो. १५ ग्रॅम मध्यम दळलेल्या पुडीवर पहिल्यांदा फक्त ३०-४० ग्रॅम पाणी ओत. पूड ताजी असेल तर फुगून बुडबुडे सोडेल. भाजताना अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय, तो गेल्याशिवाय पाणी आत नीट शिरत नाही. अर्धा-पाऊण मिनिटाने उरलेलं पाणी गोल गोल, सावकाश ओत. एकूण तीन मिनिटांच्या आसपास निथळली पाहिजे. दोन मिनिटांतच खाली आली तर दळण भरड आहे, चार मिनिटं रेंगाळली तर बारीक. घड्याळच सांगतं.

मोका पॉट तुला आवडेल, कारण तुला दाट लागते. इटलीत १९३३ पासूनचा तो अष्टकोनी बंब, खालचं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढतं. खालच्या भांड्यात उकळतं पाणीच भर, जादा वाफ सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या खाली राहील इतपत. गार पाणी तापेपर्यंत पूड उगाच भाजत राहते. पूड टेबलमिठाएवढी बारीक, आणि ती दाबायची नाही, फक्त सारखी करायची. खालचा भाग फडक्याने धरून वरचा घट्ट पीळ, मंद आंचेवर ठेव आणि झाकण उघडंच राहू दे. आधी मधासारखी गडद धार येते, मग ती फिकी पडते. फुरफुर सुरू व्हायच्या आत उतरव आणि बूड नळाखाली धर. ती शेवटची वाफाळ फुरफुर म्हणजेच मोका पॉटची सगळी बदनामी.

बाकीचं थोडक्यात. एअरोप्रेस, म्हणजे पिचकारीसारखं दाबायचं प्लास्टिकचं नळकांडं, प्रवासाला उत्तम, पडलं तरी फुटत नाही. कोल्ड ब्रूला भरड पूड आठपट पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची आणि सकाळी गाळायची, त्यात हुशारी काहीच नाही. एस्प्रेसोला ९ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट, दाब लागतो आणि १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५-३० सेकंदांत यावी लागते. तिथे दळण केसाएवढं चुकलं तरी धार बिघडते. म्हणूनच म्हटलं, आधी ग्राइंडर.

बिया भाजल्याची तारीख बघून, महिनाभरात संपतील एवढ्याच घे. हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर ठेव. रोज उघडायचा डबा फ्रीजमध्ये नको, ओल धरतो आणि शेजारचे वास ओढतो. पाण्याचंही बघ. फार जड पाणी कॉफीची चव बोथट करतं, आणि डिस्टिल्ड पाण्यात ती सपक लागते.

बाबांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळायला सांगितलंय, त्यामुळे घरात सध्या कागदाचंच राज्य आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल असतं, त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कागदात ते बरंचसं अडकतं, जाळीत नाही. पुढच्या वेळी येताना तुझा फ्रेंच प्रेस आणलास तर आपण दोघं पिऊ, पण बाबा फिरायला गेल्यावर. आणि ग्राइंडर घेतलास की पोअर ओव्हरला कितव्या खुणेवर तीन मिनिटं जमली ते कळव.

तुझी,
आई