"सगळं करा डॉक्टर" म्हणायच्या आधी

प्रिय आई आणि बाबा,

पुढे तुम्ही खूप आजारी पडलात तर कोणते उपचार करायचे आणि कोणते नाही, हा विषय फोनवर काढला की बाबा लगेच "चिपळूणला काय पाऊस पडतोय गं" सुरू करतात आणि आई "शुभ बोल जरा" म्हणून फोन ठेवते, म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा, प्लीज.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये मी नक्की काय काम करत होते हे तुम्हाला नीट माहीतच नाही. कोविड वॉर्डात होते, पण पॅलिएटिव्ह टीमबरोबर. लोकांना वाटतं पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. तसं नसतं हो, ऑक्सिजन चालू, स्टेरॉइड चालू, पालथं झोपवणं चालू, आणि जोडीला पेशंटचा त्रास कमी करायचं आमचं काम. आमच्याकडचे काहीजण बरे होऊन घरीसुद्धा गेले.

सगळ्यात वाईट म्हणजे धाप. तोंडावर बायपॅपचा, म्हणजे जोराने हवा आत ढकलणाऱ्या मशीनचा, घट्ट मास्क, ऑक्सिजन फुल, तरी माणूस बुडत असल्यासारखा हवा ओढतोय, डोळे भेदरलेले. अशा वेळी मॉर्फिनचा, म्हणजे अफूपासूनच्या वेदनाशामकाचा, छोटा डोस, तोंडातून अडीच मिलिग्रॅम वगैरे, दिला की बऱ्याचदा थोड्या वेळात घुसमट कमी होते, खांदे खाली येतात. आजार तोच असतो, पण पेशंट दोन शब्द बोलू शकतो. नातेवाईक मात्र मॉर्फिन म्हटलं की हादरायचे, "म्हणजे कायमचं झोपवणार का?" योग्य डोसने तसं काही होत नाही. पण त्यांना तरी काय बोलणार, १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन मिळवणं इतकं किचकट केलं की कित्येक डॉक्टरांनाच त्याची सवय राहिली नाही, २०१४ मध्ये कायदा सैल झाला, भीती तशीच.

आणि भेटायला कुणाला सोडत नव्हते. पीपीईवर मार्करने आमची नावं लिहिलेली, फोन झिपच्या पिशवीत घालून पेशंटच्या कानाला लावायचा, पलीकडून कुणी रामरक्षा म्हणतंय, कुणी नुसतंच "अहो, ऐकू येतंय का" करतंय, आणि पेशंटचं कानाचं मशीन वॉर्ड बदलताना कुठेतरी हरवलेलं. कवळ्या आणि कानाची मशिनं किती हरवली त्या दिवसात, त्याबद्दल कुणी लिहीतच नाही.

एक निवृत्त शिक्षिका होत्या. मास्क बाजूला करून मला म्हणाल्या, "व्हेंटिलेटरची नळी नको मला. चहा दे, साखर घालून." डायबेटिस होता, तरी चमच्याने पाजला. तिकडे त्यांचा मुलगा फोनवर "सगळं करा डॉक्टर, पैशाचं बघू नका" आणि मुलगी "आईला त्रास देऊ नका", शेवटी दोघांचं भांडण मलाच सोडवायला लागलं. बाईंचं म्हणणं स्पष्ट होतं, पण घरी कधी बोललेल्याच नव्हत्या, त्यामुळे मुलाला वाटायचं की आई तापात बरळतेय. बोलू न शकणाऱ्या पेशंटचं तर विचारूच नका.

म्हणून म्हणतेय, तुम्ही दोघं लिव्हिंग विल करा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच मान्यता दिलीय, आधी मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागायचं, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, एवढं पुरतं. बरं होण्याची आशाच उरली नाही आणि तुम्हाला स्वतः सांगता येत नसेल तर काय करायचं, काय नाही, आणि तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा, हे त्यात लिहायचं. आणि ते विल दाखवलं म्हणून डॉक्टर लगेच मशीन बंद करत नाहीत, हॉस्पिटलचे दोन मेडिकल बोर्ड आधी बघतात. विचार बदलला तर कधीही रद्द करता येतं.

बाबा, तुम्हाला व्हेंटिलेटर हवा असेल तर तसं सांगा, मी वाद घालणार नाही. आई, तू "तुम्ही ठरवाल ते" म्हणू नकोस, तेच तर नकोय मला.

गणपतीत येतेच आहे, तेव्हा आपल्या गल्लीतल्या नोटरी काकांकडे जाऊ. माझं आणि पिंट्याचं, दोघांचं नाव घाला. फक्त पिंट्याला तुम्ही सांगा, मी सांगितलं तर म्हणेल ताई हॉस्पिटलात राहून राहून असलंच बोलते.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, साक्षीदार म्हणून जोशीकाकांना आत्ताच विचारून ठेवू नका, सगळ्या आळीत होईल.