शेवळं म्हणजे शेवाळ नव्हे, आणि काकड म्हणजे काकडी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रानभाज्यांचं पान आलं ते बघून खूप बरं वाटलं, कारण ठाणे, पालघर, रायगडात सध्या बाजारात गेलं की सगळ्यांची नजर रानभाज्याच शोधत असते. पण त्या पानावर "शेवाळाची भाजी" असं छापलंय, आणि खाली रेसिपीत "पाच-सहा काकड्या". भाजी आहे शेवळं नावाच्या रानभाजीची आणि त्यात घालतात ती काकडाची आंबट फळं, म्हणजे दोन्ही चूक आहे, आणि दुसरी चूक तर करून बघणाऱ्याच्या अंगाशी येईल, म्हणून हे पत्र.

शेवाळ म्हणजे पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर, भिंतींवर धरतं ते हिरवं निसरडं. शिवाय हल्ली स्पिरुलिनाच्या गोळ्यांमुळे खायचं शेवाळ असतं हेही लोकांना माहीत झालंय, म्हणजे नागपूर-लातूरच्या वाचकाला वाटणार की कोकणात त्याचीच भाजी करतात. आमचं ते शेवळं. एक असलं तर शेवळ, जुडी असली की शेवळं, कुणी शेवळा पण म्हणतं. मोबाईलवर टाईप करताना कीबोर्ड आपला आपणच शेवाळ करून टाकतो हे मी रोज बघते, पण पेपरात छापताना कुणीतरी थांबून बघायला हवं ना.

आता शेवळं म्हणजे नेमकं काय तेही सांगते, कारण पुरवणीत "एक पालेभाजी" एवढंच लिहिलंय आणि तेही बरोबर नाही. ही सुरणाच्याच जातकुळीतली रानवनस्पती, शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटेटस, आणि ती फक्त आपल्या पश्चिम घाटाच्या पट्ट्यातच सापडते. कंद जमिनीखाली झोपलेला असतो, वळवाचे एक-दोन शिंतोडे पडले की मे अखेरीला, जूनच्या सुरुवातीला एकही पान नसताना थेट जमिनीतून फुलोऱ्याचा कोंब वर येतो, तपकिरी-जांभळट आवरणात गुंडाळलेला. तो उमलायच्या आत खुडायचा, उमलला की घाण वास सुटतो. या कोंबालाच शेवळ म्हणतात, अख्ख्या झाडाला नाही. पाऊस लागल्यावर त्याच कंदातून पान येतं, त्याला म्हणायचं लोत, आणि लोताची भाजी ही वेगळी भाजी. एकाच कंदाच्या दोन गोष्टींना दोन नावं आहेत कारण दोन्हींचा सिझन वेगळा, साफ करायची रीत वेगळी आणि चव पण वेगळी. शहरातल्या माणसाला हे उगाच वाटेल पण ज्या ठाकूर, कातकरी, वारली बायका पहाटे रानात जाऊन हे आणतात त्यांच्यासाठी नाव चुकलं म्हणजे माल चुकला.

आणि काकड. काकड हे झाड आहे हो, त्याला आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं येतात, ती काकडं. शेवळं खाजरी असतात, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात ते जिभेला, घशाला टोचतात. अळूला आपण चिंच घालतो ती याचसाठी. काकडं ठेचून किंवा उकडून त्यांचा आंबट रस शेवळांत घालायचा, ती मिळाली नाहीत तर चिंच नाहीतर आमसूल. काकडी घालून काहीच होणार नाही, घसा मात्र खवखवत बसेल. आमच्या बाजारातली मावशी जुडी हातात देताना आधी विचारते, "ताई, काकडं हायत का घरात? नायतर ही घे, खाजल." आणि पानाच्या द्रोणातली काकडं पिशवीत टाकते, वेगळे पैसे घेत नाही. तिच्या लेखी शेवळं आणि काकडं हा एकच जिन्नस आहे. साफ करायचं पण ती सांगते, हाताला तेल लावून वरची आवरणं काढायची, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं. कोलंबी घातली तर मग विचारूच नका.

कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव ९ ऑगस्टच्या आसपास भरतात, चांगली गोष्ट आहे, पण तोवर शेवळं कधीच संपलेली असतात, त्यामुळे बऱ्याच लोकांना हे नाव फक्त वाचूनच कळतं, बघून नाही. म्हणून पेपरातलं नाव बरोबर असणं जास्त गरजेचं. माझी विनंती एवढीच की रानभाजीचं नाव छापताना ती विकणारी बाई जे म्हणते तेच आधी छापा, जिल्हा लिहा, मग खाली शास्त्रीय नाव द्या. टाकळ्याला विदर्भात तरोटा म्हणतात, दोन्ही नावं दिलीत तर दोन्हीकडचे लोक ओळखतील. आणि शक्य झालं तर फोटो बाजारातल्या जुडीचा घ्या, इंटरनेटवरचा नको, तिथे शेवळं शोधलं तर अर्धे फोटो शेवाळाचेच येतात.

दुरुस्ती या आठवड्यातच छापलीत तर बरं होईल. अजून आठ-दहा दिवस शेवळं येत राहतील आणि पुरवणीतलं कात्रण बघून कुणी ना कुणी करायला घेणारच.

आपली नियमित वाचक,
बदलापूर