कोठाऱ्याला निघण्याआधी

प्रिय आई आणि बाबा,
प्रभूच्या नावात सलाम.

ताईने परवा तुम्हाला अर्धं सांगितलं आणि उरलेलं माझ्यावर सोडलं, म्हणून हे पत्र. फोनवर आई रडली असती, बाबा गप्प झाले असते आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. मी पुण्याच्या नोकरीचा राजीनामा दिलाय. जूनपासून कोठाऱ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू होतोय. अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याजवळ. राजीनामा मंजूरही झाला आहे, तेव्हा आता ‘थोडं थांब’ म्हणू नका.

नगरपासून लांब आहे, हे मला कळतं. पुण्याहून कसं, फोन आला की रात्रीत तुमच्या दारात येता यायचं. तसं आता होणार नाही, आणि निर्णय अडून राहिला तो एवढ्यासाठीच. पण महाराष्ट्र एक्स्प्रेस आपल्या नगरवरूनच जाते. बडनेऱ्याला उतरलं की अमरावती आणि पुढे परतवाडा. ताई संगमनेरला आहेच, भाऊजींनी आपणहून सांगितलंय की रात्री-अपरात्री काही लागलं तर ते निघतील. पगार कमी होईल, पण पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला की हप्ता निघतो. तुमची औषधं, मावशींचा पगार, इन्व्हर्टरची बॅटरी, यातलं काही थांबणार नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा मी निघण्याआधी स्वतः उभं राहून बसवून घेणार आहे. आई, तुला पायऱ्या नकोत म्हणून पलंगही पुढच्या खोलीत आणू. रविवारी चर्चला न्यायला नेहमीचा रिक्षावाला येईल, त्याच्याशी बोललोय.

आई, तुझ्या मनात काय आहे ते मी ओळखतो. ‘पोराला काही झालं तर? छोटीला काही झालं तर?’ तर ऐक. कुष्ठरोग आनुवंशिक नाही, नुसता हात लावल्याने तर तो होतच नाही. बहुतेक माणसांच्या अंगात त्याला तोंड देणारी ताकद जन्मजात असते. बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाहून जास्त औषधं एकत्र, सुरू झाला की रोगी थोड्याच दिवसांत संसर्गजन्य राहत नाही. आजाराच्या प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिने गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. गोळ्या फुकट मिळतात. रोग कधीच बरा होतो, पण माणसांच्या मनातला जात नाही. आपल्या ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यातही कुष्ठरोग हे नवराबायकोला तोडायचं कारण म्हणून लिहिलेलं होतं, ते २०१९ साली काढलं. इतक्या उशिरा!

तिथे माझं काम काय, तेही सांगतो, म्हणजे तुम्ही उगाच नाही नाही ते मनात आणणार नाही. हा जंतू मज्जातंतू मारतो. बोटं वाकतात, पाऊल लटकं पडतं, तळव्याला काही कळेनासं होतं. शस्त्रक्रिया करून चांगल्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, वळवून लावतात, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे काम पुढे नेलं. मग त्या स्नायूला नवं काम शिकवायचं, ते माझ्यासारख्यांनी. मूठ उघड, मीठ चिमटीत धर, बटण लाव. आणि रोजचं काम पायांचं. बऱ्या झालेल्यांच्याही पायांत गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. काटा रुतला तरी ते चालत राहतात, कारण दुखतच नाही. म्हणून पाय पाण्यात भिजवायचे, घट्टा हळूच घासायचा, ओलं असतानाच तेल लावायचं आणि मऊ रबराची चप्पल द्यायची. तिला खिळा चालत नाही, कारण आत घुसलेला खिळासुद्धा त्यांना कळत नाही.

म्हणजे गंगाळ आणि रुमाल, बाबा. संडेस्कूलमध्ये योहानाचा तेरावा अध्याय, येशूने शिष्यांचे पाय धुतले तो, तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलात. त्याला धरून देणारा यहूदा तिथेच बसला होता आणि त्याचेही पाय धुतले गेले, यावर तुम्ही नेहमी थांबायचात. इथे सगळे म्हणतात, ‘केवढा त्याग करतोयस!’ मला ते ऐकवत नाही. पाय धुणारा जमिनीवर बसतो आणि ज्याचे धुतो तो वर बसलेला असतो. खाली बसून वर बघताना कीव करणं मला तरी जमलेलं नाही. गेल्या वर्षी तिथे काही दिवस राहून आलो तेव्हा एका आजोबांनी पाय पुढे करायच्या आधी मलाच विचारलं, ‘जेवलास का रे?’ मी उपकार करायला चाललोय असं कोणी म्हणालं की मला ते आजोबा आठवतात.

आणि हे मला कुठे दुसरीकडे शिकवलं? आपल्या ओट्यावर बसायचा तो म्हातारा आठवतो ना? बाकीच्या दारांत त्याला वेगळं भांडं होतं. आई, तू त्याला आपल्याच ताटात वाढायचीस आणि ते ताट आपल्याच ताटांबरोबर घासायचीस. आत्याबाई केवढ्या रागावल्या होत्या! खेळून खेळून मी तसाच झोपून जायचो, तेव्हा तू ओल्या फडक्याने माझे पाय पुसायचीस. मी जागा असायचो गं. डोळे मुद्दाम मिटून पडून राहायचो, म्हणजे तू अजून थोडा वेळ बसशील.

बाबा, तुमच्या लाडक्या पंडिता रमाबाईंचंच घ्या. कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘सरस्वती’ म्हटलं, त्या मध्य प्रांतातल्या दुष्काळात स्वतः गेल्या आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. माझं काम त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण वाट तीच आहे, आणि ती तुम्हीच दाखवलीत.

आता तुमच्या पायांचं बोलू. रागावू नका. साखरेने तुमच्याही तळव्यांची जाणीव कमी झालीय. तो अंगठ्याचा फोड आईला दिसला, तुम्हाला कळलाच नव्हता. तरी मावशी पाय बघायला आल्या की तुम्ही पाय पोटाशी ओढून घेता. ‘दुसऱ्याने माझ्या पायाला हात लावायचा नाही.’ बाबा, येशू पाय धुवायला आला तेव्हा पेत्रही हेच म्हणाला होता, आणि ‘मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही’ हे त्याला मिळालेलं उत्तर तुम्हाला मी सांगायला नको. आयुष्यभर तुम्ही लोकांचं केलंत, करून घ्यायची सवयच नाही, हे मी जाणतो. पण मी तिथे परक्या माणसांचे पाय धुणार आणि माझ्या बापाचे पाय कोणी पाहणार नाही, असं झालं तर माझं मन कामात कसं लागेल?

तेव्हा रोज रात्री जेवणाआधी मावशी पाय बघतील. कोमट पाण्याने धुवायचे, पाणी आईने हात घालून बघायचं, तुम्ही पायाने नाही. भिजत ठेवायचे नाहीत. ते तिथल्या लोकांसाठी, मधुमेहाला नाही. बोटांमधलं कोरडं करायचं. तेल तळव्याला, बोटांच्या मध्ये नाही. नखं सरळ कापायची, तीही मावशींनी. गरम पाण्याची पिशवी ताईला देऊन टाका. घरातसुद्धा अनवाणी नको. चर्चमध्ये चपला काढता, तिथे पांढरे मोजे घाला, म्हणजे रक्ताचा डाग लगेच दिसेल. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. काहीही दिसलं, बारीक का असेना, आईने फोटो काढून मला पाठवायचा. आई, फोटो कसा पाठवायचा ते छोटी तुला पुन्हा शिकवेल.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं येतोय, आठ दिवस राहणार आहोत. बाबांच्या पायाचं माप घेऊन जाईन, तिथल्या चप्पल विभागात त्यांच्यासाठी मऊ जोड करून घेतो. आई, लोणच्याच्या कैऱ्या मी येईपर्यंत आणू नकोस, पिशवी तू उचलायची नाहीस.

तुमचा,
धाकटा